मागच्या डिस्कचे कॅलिपर मोठे करायचेत, पण हँडब्रेकचं काय?

मागचं_चाक (धागाकर्ता)

मंडळी, गाडी नऊ वर्षं जुनी हॅचबॅक. चारही चाकांना डिस्क. मागचा कॅलिपर (डिस्कला दोन पॅडच्या चिमट्यात पकडणारा भाग) एका पिस्टनचा, ३४ मिमीचा, आणि हँडब्रेकची केबल त्याच कॅलिपरच्या पाठीवरच्या दांडीला येऊन अडकते. गेले दोन-तीन महिने हँडब्रेक आठव्या-नवव्या खटक्यापर्यंत ओढावा लागतो आणि तरीही चढावर गाडी हळूच वीतभर मागे सरकते. लांबचा प्रवास करून आलं की मागचं उजवं चाक चटका बसेल इतकं तापलेलं असतं. एकूणात या गाडीला मागचे ब्रेक कमी पडतात असं माझं मत झालंय.

त्यात योग असा जुळून आला की ओळखीतल्या एकाने त्याच्या मोठ्या सेदानचे मागचे चार पिस्टनवाले कॅलिपर देऊ केले. लाल रंग, अजून चकचकीत. काल रात्री जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर ठेवले आणि बराच वेळ नुसता बघत बसलो. चारही पिस्टन ३० मिमीचे. बघता बघता लक्षात आलं, याला हँडब्रेकची दांडीच नाही! केबल अडकवायची कुठे?

कोणी असा बदल केलाय का? हँडब्रेकची सोय कशी केलीत? आणि ब्रेक लागण्यात खरंच फरक पडतो का?

---

खुडबुड्या

लाल आहेत म्हणताय ना, मग फरक पडणारच. मागून येणारा घाबरून आपोआप लांब राहील.

---

सावकाश_जा

रुमाल टाकून ठेवतो. माझाही हँडब्रेक हल्ली आकाशाकडे बोट दाखवतो.

---

तेलकट_बोटं

धागाकर्ते, थोडं थांबा. कॅलिपर वर्तमानपत्रावरच राहू द्या.

मागे डिस्क असली की हँडब्रेकच्या चार तऱ्हा असतात. पहिली तुमच्या गाडीत आहे ती: पायाचा आणि हाताचा ब्रेक एकाच कॅलिपरमध्ये. दांडी ओढली की आतला आट्यांचा दांडा फिरतो आणि पिस्टनला मागून ढकलतो. दुसरी, डिस्कच्या मधल्या टोपीच्या पोटात लपवलेला छोटासा ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारं भांडं, ज्याला आतून शू दाबून थांबवतात. त्यात हँडब्रेकपुरते वेगळे शू असतात, पायाच्या ब्रेकशी त्यांचा काही संबंध नाही. तिसरी, त्याच डिस्कवर बसवलेला वेगळा छोटा यांत्रिक कॅलिपर, जो फक्त हँडब्रेकचं काम करतो. आणि चौथी म्हणजे मोटर आणि बटण.

तुम्हाला मिळालेल्या कॅलिपरला दांडी नाही, याचा अर्थ ते ज्या गाडीतून निघाले तिथे दुसरी किंवा तिसरी सोय होती. म्हणजे तुम्हाला अर्धाच ब्रेक मिळालाय. उरलेला अर्धा त्या सेदानच्या डिस्कमध्ये, शूमध्ये आणि शू ज्यावर बसतात त्या पत्र्याच्या पाठीमध्ये राहिला. ते सगळं आणलं तरी तुमच्या गाडीच्या नकलवर ती पाठ बसवायला भोकं आहेत का? बहुतेक नसतील.

पण माझा खरा प्रश्न वेगळा आहे. एकच चाक तापतंय आणि हँडब्रेक धरत नाही, हे ब्रेक कमी पडण्याचं लक्षण नाही. हे काहीतरी अडकल्याचं लक्षण आहे. गाडी वर घेऊन बघितलंत का?

---

मधली_सीट

नकल म्हणजे? कशाची कॉपी?

---

तेलकट_बोटं

@मधली_सीट, ताई, चाकामागचा तो ओतीव सांधा, ज्यावर हब आणि कॅलिपर बोल्टने बसतात. इंग्रजी शब्द गॅरेजात पोचेपर्यंत त्याचं नकल झालं.

---

खुडबुड्या

म्हणूनच म्हणतात, नकल करायला अक्कल लागते.

---

बारा_व्होल्ट

तेलकट_बोटं उगाच घाबरवतायत. साधा हिशोब करा. ३४ मिमीच्या पिस्टनचं क्षेत्रफळ ९०८ चौ. मिमी. ३० मिमीच्या एकाचं ७०७, चारांचं २८२८. म्हणजे तिपटीहून जास्त ताकद! हँडब्रेकसाठी पायाच्या लाइनमध्येच हायड्रॉलिक हँडब्रेक टाका, रॅलीच्या गाड्यांत असतो तसा उभा दांडा. केबलची कटकटच संपली.

---

न्यूटनचा_शेजारी

बारा_व्होल्ट, चारही पिस्टन मोजायचे नसतात. चार पिस्टनचा कॅलिपर स्थिर असतो, दोन पिस्टन डिस्कच्या या बाजूला आणि दोन त्या बाजूला, समोरासमोर दाबतात. एका पिस्टनचा कॅलिपर सरकता असतो. तो आतला पॅड दाबतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने स्वतः सरकून बाहेरचा पॅड तितक्याच जोराने ओढून घेतो. म्हणून तुलना एकाच बाजूची करायची: ९०८ विरुद्ध १४१४. तिप्पट नाही, ५६ टक्के जास्त.

आणि हे ५६ टक्के हीच अडचण आहे.

उदाहरणादाखल १२०० किलोची गाडी धरा. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २.५ मीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंमी वर, उभ्या गाडीत पुढे ६० आणि मागे ४० टक्के वजन. मागच्या चाकांवर झाले ४८० किलो. आता ०.८ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट) एवढा कडक ब्रेक दाबा. १२०० गुणिले ०.८ गुणिले ०.५५ भागिले २.५, म्हणजे साधारण २११ किलो मागून पुढे जातात. मागे उरले २६९. एकूण वजनाच्या २२ टक्के. टायरवर वजनच नसेल तर पकड येणार कुठून? त्या घडीला मागचा ब्रेक ५६ टक्क्यांनी जास्त जोरात दाबलात तर मागची चाकं पुढच्यांच्या आधी लॉक होतात. पुढची आधी लॉक झाली तर गाडी सरळ घसरते. मागची आधी झाली तर गाडी गिरकी घेते.

एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर ते मागचा दाब कापेल, मान्य. पण मग लाल कॅलिपर लावून शेवटी दाब कमीच होणार असेल तर मिळवलं काय?

---

ड्रमवाला

मी हे कधीचं सांगतोय. मागे ड्रमच हवा. फोक्सवॅगनने आयडी.३ सारख्या नव्या इलेक्ट्रिक गाडीला मागे ड्रम दिलाय, त्यांना काय डिस्क माहीत नव्हती? मोटरच गाडी इतकी आवरते की मागचा ब्रेक क्वचित लागतो. उघडी डिस्क असती तर गंजून बसली असती. आणि हँडब्रेक म्हणाल तर ड्रमसारखा कोणाचाच नाही. चाक फिरायला लागलं की एक शू स्वतःच ड्रममध्ये आणखी घट्ट रुतत जातो. डिस्कला ही फुकटची मदत नाही.

---

सावकाश_जा

ड्रमवाला, हँडब्रेकपुरतं सहमत. पण लांब उतारावर, गाडी भरलेली असताना, ड्रम तापून पेडल नुसतं खाली जातं तेव्हा काय वाटतं ते मला विचारा. ड्रम तापून फुगतो आणि शूपासून दूर जातो. डिस्क तापून फुगली तर पॅडच्या जवळ येते.

---

मधली_सीट

हो, पण थंड झाली की लांबही जाते! माझाच अनुभव सांगते.

मोठा उतार उतरून आलो, ब्रेक सतत वापरलेला. सपाट वाटली म्हणून गाडी उभी केली, गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक सवयीने दोन खटके. उतरून गप्पा मारत होतो. वीस-पंचवीस मिनिटांनी कोणीतरी म्हणालं, "ती गाडी चाललीय का?" चालली होती. अगदी सावकाश, आवाज न करता, रिकामी. दोन-तीन हात पुढे जाऊन भिंतीला नाक लावून थांबली. बंपरला चरा, बाकी काही नाही. सगळ्यांनी मला वेड्यात काढलं की तू हँडब्रेक लावलाच नव्हतास. मी लावला होता!

---

न्यूटनचा_शेजारी

मधली_सीट, तुम्ही लावला होता हे मी मानतो. १० मिमी जाडीची लोखंडी डिस्क ३०० अंशांनी थंड झाली तर जाडी साधारण ०.०३ मिमीने घटते. पॅडही आकसतात. आकडा क्षुल्लक वाटतो, पण दोन खटक्यांची केबल मुळातच जेमतेम ताणलेली असते. तेवढ्यानेही पकड बरीच सैल पडते. काही बटणवाल्या गाड्या म्हणूनच डिस्क गरम असताना उभ्या केल्या की थोड्या वेळाने मोटर पुन्हा फिरवून पॅड आवळतात. हाताच्या ब्रेकला एक-दोन खटके जादा ओढायचे, गाडी गिअरमध्ये ठेवायची.

---

मधली_सीट

बघा! आता हे छापून घरात लावते.

---

जुनी_गाडी

अवांतर, पण राहवत नाही. हँडब्रेक मागेच हवा हे कोणी ठरवलं? साब ९९ चा हँडब्रेक पुढच्या चाकांना होता. सित्रोएन डीएस १९५५ ची. पुढे डिस्क, त्याही चाकात नाहीत, आत गिअरबॉक्सला चिकटून, आणि हँडब्रेकही पुढेच. त्याच्या दोन वर्षं आधी, १९५३ मध्ये जग्वार सी-टाइपने डिस्क लावून ल मां जिंकली. तेव्हा लोक म्हणत असतील, ड्रमच बरा.

---

ड्रमवाला

अजूनही म्हणतोय.

---

तेलकट_बोटं

बारा_व्होल्टच्या हायड्रॉलिक हँडब्रेकबद्दल बोलायचं राहिलं. तो गाडी फिरवायला असतो, उभी करायला नाही. दाब धरून ठेवणारं काय? ऑइल आणि रबरी सील. रात्रभरात दाब थोडा थोडा उतरतो. संयुक्त राष्ट्रांच्या आर १३-एच नियमात पार्किंग ब्रेकची अट स्पष्ट आहे: लावल्यावर तो निव्वळ यांत्रिक साधनाने अडकून राहिला पाहिजे. शिवाय भरलेली गाडी २० टक्के चढावर आणि उतारावर धरून ठेवली पाहिजे, तीही हाताने ४०० न्यूटनपेक्षा जास्त जोर न लावता. पायाने लावायचा असेल तर ५०० न्यूटन.

---

बारा_व्होल्ट

बरं बाबा, चुकलं. पण मग यांत्रिकच हवा असेल तर तो तिसरा प्रकार, छोटा वेगळा कॅलिपर, तो लावता येईल की.

---

न्यूटनचा_शेजारी

येईल, पण त्याच्याकडून काय अपेक्षा आहे ते बघा. २० टक्के चढ म्हणजे साधारण ११.३ अंश. माणसं-सामानासकट गाडी १६०० किलो धरली तर ती मागे ओढली जाते सुमारे ३०८० न्यूटनने. टायरची त्रिज्या ३० सेंमी, दोन चाकं, म्हणजे प्रत्येक चाकाला साधारण ४६० न्यूटन-मीटर रोखायचे. डिस्कवर पॅड सरासरी ११ सेंमी त्रिज्येवर घासतो आणि घर्षणांक ०.४ असं समजलं तर एका पॅडवर साधारण ५२५० न्यूटन दाब हवा. सोप्या भाषेत ५३५ किलो. प्रत्येक चाकाला. आणि हात लावणार जास्तीत जास्त ४० किलो. मधली सगळी वाढ हँडब्रेकचा दांडा, कॅलिपरची दांडी आणि आतले आटे मिळून करतात. केबलमध्ये घर्षणात जे जातं ते वेगळंच.

म्हणून कुठल्याही गाडीचा दांडा, कुठलीही केबल आणि कुठलाही कॅलिपर असं जुळत नाही. दांडा वर येऊन संपतो आणि पॅड नुसता टेकलेला असतो.

---

मागचं_चाक

सगळ्यांचे आभार. डोकं गरगरलं. एक कबूल करतो, चारही पिस्टन मोजण्याची चूक मीही केली होती, बारा_व्होल्ट यांना एकट्याला बोलू नका. :-)

तेलकट_बोटं, गाडी वर घेतलेली नाही. मागच्या वर्षी पॅड गॅरेजात बदलून घेतले होते, त्यानंतर कोणी बघितलेलंच नाही. रविवारी बघतो. नेमकं काय बघू?

---

तेलकट_बोटं

आधी पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड किंवा लाकडी ठोकळे. हे विसरू नका, कारण पाहणीसाठी हँडब्रेक सोडायचाय आणि मागची चाकं हवेत असणार. नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही, स्टँड लावा.

हँडब्रेक पूर्ण खाली. कॅलिपरच्या पाठीवरची दांडी बघा. तिच्या बाजूला ओतीव अंगाचाच एक थांबा असतो, उंचवटा म्हणा. ब्रेक सुटलेला असताना दांडी त्या उंचवट्याला टेकलेलीच पाहिजे. टेकलेली नसेल तर केबल सैल करा. तरी टेकत नसेल तर केबल दांडीपासून काढून टाका आणि हाताने दांडी मागे ढकलून बघा. केबल काढल्यावर दांडी झटकन मागे गेली तर दोष केबलमध्ये. नाही गेली तर कॅलिपरच्या आतला दांडा जाम झालाय. दांडी जिथून आत जाते तिथलं रबर फाटलं की पाणी शिरतं आणि गंज धरतो.

यात एक सापळा आहे. हँडब्रेक वर येतो म्हणून लोक आधी केबलच आवळतात. त्याने दांडी थांब्यापासून कायमची उचललेली राहते. दांडी थांब्यावर आली नाही तर झिजेनुसार जुळवून घेणारी कॅलिपरमधली यंत्रणा नीट चालत नाही. मग हँडब्रेक आणखी वर येतो, मग केबल आणखी आवळतात. क्रम नेहमी उलटा: केबल सैल, पायाचा ब्रेक चांगला पंधरा-वीस वेळा दाबायचा, पिस्टन स्वतःची जागा घेतो, आणि मग शेवटी केबल.

---

उलटे_आटे

पॅड बदलताना तो पिस्टन कसा आत घातला होता हेही विचारा गॅरेजवाल्याला. हा पिस्टन पुढच्यासारखा शिकंज्याने दाबून आत जात नाही. दाबत दाबत फिरवावा लागतो. काही गाड्यांत एका बाजूचा सुलट आणि दुसऱ्या बाजूचा उलट फिरतो, माझ्या नावाचा उगम तोच. मी पहिल्यांदा उजवीकडचा अर्धा तास चुकीच्या दिशेने फिरवत होतो आणि कॅलिपरला शिव्या देत होतो.

अजून एक. पिस्टनच्या तोंडावर खाचा असतात आणि आतल्या पॅडच्या पाठीवर बारीकसं बोंड असतं. पॅड बसवताना ते बोंड खाचेत बसलंच पाहिजे, नाहीतर पिस्टन फिरत राहतो आणि पॅड तिरका झिजतो. नव्या पॅडच्या पाठीवर हात फिरवून बघा, लगेच लागतं बोटाला.

---

बटणबहाद्दर

शिकंजा या शब्दाने माझी जखम उघडली.

माझ्या गाडीला बटणाचा पार्किंग ब्रेक. प्रत्येक मागच्या कॅलिपरवर छोटी मोटर. पॅड बदलायचे होते. व्हिडिओ बघितला, त्यात तो माणूस शिकंजा लावून पिस्टन आत दाबत होता. मीही लावला. जोर लावला. अजून जोर लावला. आतून "कट्" असा एक बारीक, कोरडा आवाज आला. त्या आवाजाचा अर्थ हातांना आधी कळला, डोक्याला नंतर. मोटरच्या गिअरचे दात गेले.

आधी सर्व्हिस मोडमध्ये टाकून मोटरने आतला नट मागे घ्यायचा असतो, मग पिस्टन सरळ आत जातो. व्हिडिओतली गाडी दुसरी होती. तिला बटणच नव्हतं.

---

खुडबुड्या

बटणबहाद्दर, तुमच्या धाडसाला दंडवत.

---

हवा_काढा

मी एक चार पिस्टनचा बदल केलेला आहे, पुढच्या चाकांना. अनुभव सांगतो.

संध्याकाळपर्यंत सगळं बसलं, नवे नळ, बँजो बोल्टला (नळ कॅलिपरला जोडणारा पोकळ बोल्ट) दोन्ही बाजूंनी नवे तांब्याचे वॉशर, टॉर्क पान्याने आवळलं. हवा काढायला बसलो. पेडल स्पंजासारखं. पुन्हा काढली. पुन्हा स्पंज. जवळपास दोन लिटर ऑइल बाटलीत जमा झालं, पेडल दाबणारा भाऊ झोपायला गेला. पेडलमागे ऑइलला दाब देणारा मास्टर सिलिंडरच गेला अशी माझी खात्री झाली.

सकाळी, काढण्याआधी काढलेले फोटो बघत होतो. जुन्या कॅलिपरचं हवा काढायचं निपल वर. माझ्या चाकाकडे बघितलं. निपल खाली. डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला होता! बोल्टची भोकं दोन्हीकडे सारखीच, त्यामुळे बसले गुपचूप. हवा वर जमणार आणि मी तळाच्या भोकातून रात्रभर ऑइल काढत होतो.

---

सावकाश_जा

हाहा, भावाची माफी मागितलीत का?

---

हवा_काढा

त्याने अजून माझ्या गाडीचं पेडल दाबलेलं नाही.

---

जुनी_गाडी

धागाकर्ते, मोठेपणाची हौसच असेल तर तुमच्याच मॉडेलच्या मोठ्या इंजिनच्या गाडीची मागची डिस्क कितीची आहे ते बघा. बऱ्याचदा कॅलिपर तोच असतो, डिस्क मोठी आणि कॅलिपर बाहेर सरकवणारा ब्रॅकेट वेगळा. समजा २६० ऐवजी २९० मिमीची डिस्क आली, तर पॅड दीड सेंमी बाहेर सरकतो. ११ चे साडेबारा सेंमी. पायाचा आणि हाताचा, दोन्ही ब्रेक साधारण १३-१४ टक्क्यांनी वाढतात, पिस्टन तोच म्हणून पेडलही बदलत नाही. हँडब्रेकला हात लावायचीच गरज नाही.

फक्त चाकात मावते का बघा. रिमच्या आत चिकटवलेलं बॅलन्सिंगचं वजन कॅलिपरला घासत नाही ना, तेही. माझ्या एका गाडीत घासत होतं, एका फेरीत टक टक टक, मी तीन दिवस बेअरिंग समजत होतो.

---

न्यूटनचा_शेजारी

+१. फक्त पायाच्या ब्रेकचे ते १३ टक्केही मागेच वाढतात हे लक्षात असू द्या. कंपनीने पुढचीही डिस्क मोठी दिली असेल तर दोन्ही एकत्र करा.

---

मागचं_चाक

दोन रविवार गेले. वृत्तांत.

उजवं चाक काढलं. दांडी थांब्यापासून बोटभर उचललेली. केबल सैल केली, तशीच. केबल काढली, तशीच. हाताने ढकलली तर हलेना. पाना अडकवून ढकलली तेव्हा करकरत मागे गेली आणि तिथेच राहिली. रबराखाली तांबडा भुगा. डावीकडची मात्र केबल काढताच टकदिशी जागेवर आली. म्हणजे इतके दिवस डावं चाक एकटं गाडी धरत होतं आणि उजवं ब्रेक लावूनच फिरत होतं.

पुढे उलटे_आटे यांनी सांगितलं तेच. उजवीकडचा आतला पॅड काढला तर त्याच्या पाठीवरचं बोंड चेपलेलं. खाचेत नव्हतंच, पिस्टनच्या कडेवर बसवून तसंच दाबलं होतं. पॅड वरच्या बाजूला चार मिमी, खालच्या बाजूला दीड. डिस्कच्या टोपीवर किमान जाडी कोरलेली असते हेही पहिल्यांदाच बघितलं. माझी त्याच्याही खाली गेली होती. गॅरेजवाल्याला फोटो दाखवला. तो म्हणाला, "पॅडच तसे आले असतील."

दोन्ही कॅलिपर उघडून नवे सील आणि रबर टाकून घेतले, उजव्याचा दांडा बदलला. दोन्हीकडे नवी डिस्क, नवे पॅड. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिनला साधं ग्रीस लावणार होतो, दुकानदाराने थांबवलं. खनिज तेलाच्या ग्रीसने ते रबर फुगतं, ब्रेकसाठीचं सिलिकॉनचं वेगळं मिळतं. जुनं ऑइल चहाच्या रंगाचं झालं होतं, सगळं काढून नवं डॉट ४ भरलं. मग केबल सैल ठेवून पायाचा ब्रेक वीसदा, आणि शेवटी केबल.

हँडब्रेक पाचव्या खटक्याला. काल त्याच चढावर उभी केली. उतरून मागे गेलो, चाकाकडे बघत उभा राहिलो. हलली नाही.

---

तेलकट_बोटं

छान. नवे पॅड बसायला थोडा वेळ द्या. मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगावरून दहापर्यंत आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक, पूर्ण न थांबता, मध्ये थोडं अंतर ठेवून. लगेच नेऊन गरम डिस्कवर हँडब्रेक ओढून ठेवू नका. आणि आठवड्याभराने दोन्ही मागची चाकं हाताने चाचपा, सारखीच कोमट लागली पाहिजेत.

---

एक_वाचक

वाखुसा (वाचनखूण साठवली). पण मूळ प्रश्न राहिलाच की. समजा एखाद्याला ते चार पिस्टनवाले लावायचेच आहेत. मग?

---

तेलकट_बोटं

मग सेदानची नकल, डिस्क, आतले शू, त्यांची केबल हे सगळं एकत्र बसतं का ते बघायचं. शूवाली सोय आलीच तर डिस्कच्या तोंडावरच्या भोकातून पेचकस घालून दातेरी चाकी फिरवायची, शू घासेपर्यंत, मग दोन-चार दात मागे. नाहीतर वेगळा यांत्रिक कॅलिपर आणि त्याच्यासाठी बनवून घेतलेला ब्रॅकेट. पुढेही तितकाच मोठा बदल, नाहीतर न्यूटनचा_शेजारी म्हणाले तशी गिरकी. जास्त ऑइल लागणार म्हणून पेडलचा प्रवास वाढतो, मग मास्टर सिलिंडर. शर्यतीची गाडी असेल तर लोक करतात. त्यांना उतारावर गाडी लावून गप्पा मारायच्या नसतात.

---

मधली_सीट

टोमणा पोचला.

---

मागचं_चाक

ते लाल कॅलिपर अजून त्याच वर्तमानपत्रावर आहेत. परत द्यायला जायचंय.

---

ड्रमवाला

परत देण्याआधी एक फोटो टाकाल का? सहज. नुसतं बघायला.